शास्त्रपाठ : भग्न नगरात देवाची अढळ प्रीती

पाठाचा भाग : विलापगीत, अध्याय ३, वचने १ ते ४२. सोबत वाचावे : निर्गम, अध्याय १६, यिर्मया ३२:१–१५, लूक १३:१–५.

विलापगीत हे पुस्तक आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत फारसे वाचले जात नाही. यिर्मया व यहेज्केल ह्या दोन मोठ्या ग्रंथांच्या मध्ये ते पाच अध्यायांचे लहानसे पुस्तक दडून बसले आहे, आणि पाने उलटताना पुष्कळदा ते हातातून निसटून जाते. ज्यांस ते ठाऊक आहे त्यांसही बहुधा तिसऱ्या अध्यायातील बाविसावे व तेविसावे ही दोनच वचने ठाऊक असतात. परमेश्वराच्या न सरणाऱ्या दयेविषयीची ती वचने कित्येक घरांत भिंतीवर टांगलेली दिसतात. ती गोड लागतात, आणि लागावीतच. परंतु बोलणारा कोठे बसून बोलत आहे हे पाहिल्यावाचून ती वचने पाठ केली, तर संकटाच्या दिवशी ती भिंतीवरच राहतात. मनात उतरत नाहीत. ह्यास्तव आजच्या पाठात आपण प्रथम त्या जागेकडे पाहू.

इ. स. पूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम घेतले. वेढा सुमारे दीड वर्ष चालला होता. राजे ह्या दुसऱ्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचे महिने व तारखाही दिल्या आहेत. नगरात अन्न उरले नाही, तट फुटला, सिद्कीया राजा पळता पळता सापडला, आणि महिन्याभरात मंदिर जाळण्यात आले. त्या राखेत बसून कोणी एकाने हे विलाप रचले. परंपरेने ते यिर्मया संदेष्ट्याचे मानतात; पुस्तकात मात्र रचणाऱ्याचे नाव दिलेले नाही. तो कोणीही असो, त्याने हे दुःख दुरून ऐकलेले नाही. तान्ह्या मुलांची जीभ तहानेने टाळूस चिकटलेली त्याने पाहिली आहे. भाकर मागणाऱ्या लेकरांस देणारा कोणी नाही, हे त्याने चौथ्या अध्यायात लिहून ठेवले आहे.

आता ह्या पुस्तकाच्या रचनेतील एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मराठी भाषांतरात ती दिसत नाही. इब्री भाषेची मुळाक्षरे बावीस. पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या अध्यायांत बावीस बावीस वचने असून प्रत्येक वचन क्रमाने पुढच्या मुळाक्षराने आरंभ होते. तिसऱ्या अध्यायात एकेका अक्षराची तीन तीन वचने आहेत, म्हणून त्याची वचने सहासष्ट झाली. पाचव्या अध्यायाची वचनेही बावीसच, परंतु तेथे अक्षरांचा क्रम सुटला आहे. रडता रडता आवाज बसावा तसा. आमच्याकडे मूल जसे 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत पाटीवर गिरवते, तसे ह्या दुःखी माणसाने आपले दुःख पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत देवासमोर गिरविले. काही गाळले नाही. आणि देवाच्या वात्सल्याची ती प्रसिद्ध वचने ह्या सर्वांच्या मधोमध आली आहेत. त्यांच्या अगोदर वीस वचने अंधाराची व कडवटपणाची आहेत. त्यांच्या पुढेही पुन्हा अश्रू आहेत, पुन्हा खड्डा आहे, पुन्हा शत्रूंची थट्टा आहे. पुस्तकाचा शेवट तर एका शंकेवर होतो : देवाने आम्हांस अगदीच टाकून दिले आहे की काय?

संकट सरल्यावर, घर पुन्हा उभे राहिल्यावर, मागे वळून देवाची प्रीती मान्य करणे सोपे असते. ह्या माणसाने ती भिंती पडलेल्या असताना व उत्तर आलेले नसताना मान्य केली. आणि ती मान्य केल्यावरही त्याने रडणे थांबविले नाही. आमच्यातील काही उपदेशक बंधू शोक करणाऱ्या विधवेस सांगतात की, बाई, विश्वास धर आणि डोळे पूस. विलापगीताचा लेखक तिला असे सांगत नाही. देवावर भरवसा आणि देवापुढे आक्रोश ही दोन्ही त्याच्या एकाच मुखातून, एकाच अध्यायात निघाली आहेत.

ज्या शब्दासाठी आपण येथे 'दया' किंवा 'वात्सल्य' म्हणतो, तो मूळ इब्री शब्द 'हेसेद' असा आहे. भिकाऱ्यास पैसा टाकताना मनात येते ती दया हा त्याचा अर्थ नव्हे. हेसेद म्हणजे करार केलेल्याची निष्ठा. दिलेला शब्द गैरसोयीचा झाला तरी जो पाळतो, त्याच्या ठायी हेसेद आहे. रूथ आपल्या सासूस सोडून गेली नाही, तिच्या त्या वागण्यासही हाच शब्द लावला आहे. एकशे छत्तिसाव्या स्तोत्राच्या सव्वीस वचनांत तो सव्वीस वेळा येतो. विलापगीतात तर तो अनेकवचनी आहे. म्हणजे एकदाच केव्हा तरी केलेली कृपा नव्हे, तर एकामागून एक केलेली कृपेची कृत्ये. त्याच्याच जोडीस 'रहमीम' हा दुसरा शब्द आहे. त्याचे नाते आईच्या उदराशी आहे. एकात कराराचा पक्केपणा, दुसऱ्यात आईची माया. देवाची प्रीती ही त्याच्या मनाची लहर असती, तर यरुशलेमेच्या राखेत तिची आशा धरण्यास काही आधारच नव्हता.

आता 'रोज सकाळी' ह्या शब्दांकडे वळू. येथे वाचकाने निर्गमाचा सोळावा अध्याय उघडावा. रानात इस्राएल लोकांस मान्ना मिळत असे तो एका दिवसापुरता. ज्याने उद्यासाठी साठविला त्याच्या मान्न्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मोकळीक होती. वर्षाचे धान्य कणगीत भरून देणे देवास अशक्य नव्हते; तरी चाळीस वर्षे त्याने एका एका दिवसाचे दिले. शेतकऱ्यास ही रीत चमत्कारिक वाटेल. परंतु ज्याची मजुरी रोजची आहे त्यास ती लागलीच समजते.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथील उदाहरण घ्या. कामवारी नदीच्या काठचे हे शहर आरंभी हातमागांचे होते, पुढे यंत्रमागांचे झाले. तेथे लाखो माग चालतात. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा प्रांतांतून आलेली माणसे बारा बारा तासांच्या पाळीने त्यांवर उभी राहतात. जितके मीटर कापड उतरेल तितकी मजुरी. गल्लीतून जाणाऱ्यास मागांच्या खटखटाटात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. तालुक्याच्या खेड्यापाड्यांत भाताची शेती आहे, आणि पाऊस सरल्यावर कित्येक कातकरी कुटुंबे मालकाची उचल घेऊन वीटभट्ट्यांवर राबतात. ह्या सर्वांची गोष्ट एकच : आज हात चालला तर आज चूल पेटली.

करोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून साऱ्या देशात टाळेबंदी झाली आणि तो खटखटाट थांबला. ज्या शहरास आवाजाची सवय, त्यास ती शांतता भयंकर वाटली. खोलीचे भाडे चढू लागले, खानावळीची उधारी चढू लागली, आणि गावाकडे पैसे धाडणे बंद पडले. कित्येक मजूर नाशिकच्या महामार्गाने कसाऱ्याच्या घाटाकडे पायी निघाले. डोक्यावर बोचके, खांद्यावर मूल, आणि गाव हजार मैलांवर. मे महिन्याच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून मजुरांसाठी खास गाडी गोरखपूरकडे सुटली, तेव्हा कित्येकांस वाट मिळाली. परंतु तोवर पुष्कळांचे पाय फुटले होते.

अशा वेळी एखाद्या उपदेशकाने खोलीच्या दारात उभे राहून मान्न्याची गोष्ट सांगावी काय? सांगावी, परंतु रिकाम्या हातांनी नव्हे. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अशाच माणसाचा समाचार घेतला आहे, जो उघड्या व उपाशी भावास गोड शब्दांनी वाटेस लावतो आणि काही देत नाही. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात ठिकठिकाणी शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांस शिधा दिला, रस्त्याने चालणाऱ्यांस पाणी व भाकर दिली. देणारे सर्व धर्मांचे होते. देवाची रोजची दया त्या दिवशी पुष्कळदा शेजाऱ्याच्या पिशवीतून आली, असे आम्ही म्हणतो. आणि जेथे ती पिशवी पोहोचली नाही तेथे काय? ज्यांस वाटेतच मरण आले त्यांचे काय? ह्या प्रश्नास सोपे उत्तर देणाऱ्यावर वाचकाने विश्वास ठेवू नये. विलापगीताच्या लेखकानेही ते दिले नाही. भाकर मागणारी ती लेकरे त्याने आपल्या पुस्तकातून पुसून टाकली नाहीत. देवाच्या दयेची वचने लिहूनही ती तशीच ठेवली.

त्याच वर्षी भिवंडीवर दुसरा घाव पडला. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, लोक गाढ झोपेत असताना, धामणकर नाक्याजवळील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली. इमारत तीन मजल्यांची, सुमारे छत्तीस वर्षांची होती. बचाव करणारे लोक पावसातही दिवसांमागून दिवस ढिगारा उपसत होते. काही जण जिवंत निघाले. पस्तीसहून अधिक माणसे मेली, आणि त्यांत लहान मुले पुष्कळ होती.

अशी गोष्ट घडली की खेड्यात काय बोलणे चालते हे आमच्या वाचकांस सांगणे नको. त्यांच्या हातून काही तरी घडले असेल; कोणाचे तरी कर्म आड आले असेल; देवाचा कोप झाला असेल. ख्रिस्ती म्हणविणारेही असेच बोलतात, केवळ 'कर्म' ह्या शब्दाच्या जागी 'पाप' हा शब्द घालतात. ह्यांनी लूककृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडावा. शिलोह येथील बुरूज अठरा माणसांवर पडला आणि ती मेली. प्रभू येशूने ती बातमी स्वतः होऊन काढली आणि ऐकणाऱ्यांस विचारले की, यरुशलेमेतील इतर सर्वांपेक्षा ते अठरा जण अधिक अपराधी होते असे तुम्हांस वाटते काय? आणि त्याने स्वतःच त्याचे स्पष्ट 'नाही' असे उत्तर दिले. मग त्याने मेलेल्यांचा हिशेब बंद करून जिवंत असलेल्यांस पश्चात्ताप करण्यास सांगितले. बुरूज दोन हजार वर्षांपूर्वी पडला; तरी त्याच्या ढिगाऱ्यावर उभे राहून मेलेल्यांची पापे मोजणारे अजून संपले नाहीत.

येथे चौकस वाचक विचारील : परंतु विलापगीतातच तर म्हटले आहे की, यरुशलेम पापामुळे पडले! प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी तिसऱ्या अध्यायाचे बेचाळिसावे वचन पाहावे. तेथे अपराध केलेला 'आम्ही' आहे. 'तो' किंवा 'ते' नव्हे. राखेत बसलेला मनुष्य स्वतःच्या छातीवर हात ठेवून बोलत आहे. आपल्या दुःखात स्वतःस तपासणे हे एक, आणि शेजाऱ्याच्या प्रेतावर बोट रोखणे हे दुसरे. पहिल्यास शास्त्रात पश्चात्ताप म्हणतात. दुसरे ईयोबाच्या मित्रांनी केले, आणि त्यांच्यावर देवाचा राग पेटला.

शिवाय त्याच अध्यायाची तेहेतिसावे ते छत्तिसावे ही चार वचने एकत्र वाचावीत. देव माणसांस मनापासून पीडा देत नाही, असे पहिल्यात आहे. पुढच्या तिहींत, बंदिवानांस पायांखाली तुडविणे, माणसाचा न्याय विपरीत करणे, ही कृत्ये प्रभूस मान्य नाहीत असे आहे. म्हणजे देवाच्या प्रीतीवर भरवसा ठेवणाऱ्याने अन्यायापुढे मान तुकवून 'देवाची इच्छा' म्हणावे, असा ह्या पाठाचा अर्थ होत नाही. जुन्या इमारतीची डागडुजी राहिली, धोका ठाऊक असून माणसे तीत राहिली कारण त्यांस दुसरीकडे परवडेना, तर ही माणसांची कामे आहेत आणि माणसांनीच ती सुधारावयाची आहेत. मंडळीच्या पंचांनी आपल्या प्रार्थनामंदिराचे वासे पावसाळ्याच्या अगोदर तपासावेत, हेदेखील आम्ही ह्याच पाठात घालतो.

आमच्या मराठी मंडळीत हे पुस्तक ज्यांनी जिवाच्या मोलाने वाचले, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई व थोरली बहीण अशी तिघे मागोमाग गेली. तीर्थांमागून तीर्थे करीत, पुराणे सांगत फिरणारे ते कुटुंब. शेवटी रमा व तिचा भाऊ श्रीनिवास एवढीच उरली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी गेले. तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. उपासमार म्हणजे काय हे अंगावर सोसलेल्या ह्या बाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन शेकडो मुली केडगावास आणल्या. तेथील मुक्तीसदन त्यांच्या आसऱ्याचे स्थान झाले.

उतारवयात त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. खेड्यातील अडाणी बाईसही ते कळावे हा त्यांचा हेतू होता. छपाईदेखील केडगावातच होत असे. त्या कामाच्या अखेरीस, २४ जुलै १९२१ रोजी, मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीच्या हाती सारे सोपवावयाचे ती चाळिशीतच गेली. रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही. काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही देह ठेवला, आणि संपूर्ण शास्त्र त्यांच्यामागे १९२४ साली प्रसिद्ध झाले. आई, बाप, बहीण, भाऊ, पती व शेवटी एकुलती एक लेक, इतकी माणसे जिच्या डोळ्यांदेखत गेली, तिने विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायासाठी एक एक मराठी शब्द निवडला. आम्हांस वाटते, हेसेद ह्या शब्दाचा अर्थ तिला कोशात फार शोधावा लागला नसेल.

आता शेवटी यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय. वेढा चालू आहे. यिर्मया राजाच्या चौकीत कैदेत आहे. नगर शत्रूच्या हाती जाणार हे त्यानेच सांगितले आहे, आणि म्हणूनच तो कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो व म्हणतो की, अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. त्या शेताच्या भागात तेव्हा बाबेलचे सैन्य पसरलेले. असे शेत शहाणा मनुष्य फुकटही घेणार नाही. यिर्मयाने ते सतरा शेकेल रुप्यास घेतले. आजच्या वजनाने सुमारे दोनशे ग्रॅम चांदी. त्याने ती तराजूत तोलून दिली, खत लिहिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक मोहरबंद व एक उघडी अशा दोन प्रती केल्या, आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून बारूखाकडून त्या मातीच्या मडक्यात ठेवविल्या. शास्त्रात भरवशाची पुष्कळ उदाहरणे आहेत, परंतु तलाठ्याच्या दप्तरात शोभावे असे हे एकच असेल. यिर्मयाला त्या शेतात नांगर धरता येणार नव्हता, हे त्यास ठाऊक होते. ह्या देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील, असे देवाने सांगितले होते. तेवढ्यावर त्याने चांदी तोलली. आणि खत बारूखाच्या हाती दिल्यानंतर त्याने प्रार्थना केली. तीत त्याने आपली शंकाही देवास सांगितली, की नगर तर शत्रूच्या हाती जात आहे आणि तू मला शेत घेण्यास सांगतोस! शंका मनात घेऊनच त्याने खत लिहिले होते.

उपदेशक बंधूंनी हा पाठ शिकविताना एकाच बैठकीत संपवू नये. पहिल्या संध्याकाळी तिसऱ्या अध्यायाची पहिली वीस वचने सावकाश वाचावीत आणि थांबावे. मंडळीतील ज्यांच्या घरी गेल्या वर्षात मृत्यू, आजार, कर्ज किंवा नापिकी आली असेल, त्यांस बोलू द्यावे. मध्ये उपदेश करू नये. कोणी रडले तर रडू द्यावे. दुसऱ्या संध्याकाळी एकविसाव्या वचनापासून पुढे वाचून, त्याच माणसांस विचारावे की, त्या दिवसांत तुमच्या दारी सकाळी कोण आले, आणि हातात काय घेऊन आले? उत्तरे लहान असतील. पायलीभर तांदूळ, दवाखान्यापर्यंतची सोबत, रात्री उशाशी बसलेली शेजारीण. ती फळ्यावर लिहावीत. ज्यास काहीच सांगता येणार नाही त्याचे नाव उपदेशकाने मनात टिपून ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथम त्याच्या घरी जावे.